उंबरठ्यावरची बोटं

या जगात आपल्यावर ज्याने ज्याने म्हणून उपकार केले, त्यातला एकही माणूस, बैल, विहीर किंवा इंजिन आपल्या तोंडून दोन शब्द ऐकल्याशिवाय जाता कामा नये, असा हट्ट धरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते माझ्या आईचे मामा. नात्याने माझे आजोबाच, पण सगळं धरणगाव त्यांना नाना म्हणे, म्हणून मीही नानाच म्हणत असे. उंच, काटकुळे, डोक्याला सदा सैल झालेलं पागोटं, आणि कानांनी जरा कमी ऐकू येत असल्यामुळे साधं ‘पाणी द्या’ म्हणाले तरी शेजारच्या तीन घरांत कळावं असा आवाज. मी भुसावळला इंग्रजी शाळेच्या बोर्डिंगात शिकत होते. तिथे आम्ही दिवसातून पन्नास वेळा ‘थँक यू’ म्हणत असू. कुणी मिठाचं भांडं पुढे सरकवलं तरी म्हणायचं आणि म्हणताना मान वर करायची गरज नसायची. सुट्टीत आजोळी आले की नानांचं आभार मानणं पाहून माझी मान आपोआप खाली जायची.

विहिरीतून पोहरा वर आला की नाना आत डोकावून ‘बरं का, माय’ म्हणत. दिवसभर काम करून आलेल्या बैलाच्या कपाळाला हात लावून त्याला दिवसाची हकिकत सांगत. पण खरी पंचाईत रेल्वेत व्हायची. गाडी थांबली की ते थेट इंजिनापाशी जात आणि काळ्याठिक्कर ड्रायव्हरला हात जोडून उभे राहत. एकदा मला जळगावपर्यंत सोडायला निघाले असताना, उतरताना गर्दीत राहून जाईल म्हणून त्यांनी हा कार्यक्रम मधल्या पाळधी स्टेशनातच उरकायचं ठरवलं. ड्रायव्हरने शिटी दिली, गाडी हलली, आणि माझ्या खिडकीसमोरून नाना हळूहळू मागे गेले, हात जोडलेलेच. डब्यातल्या बायका हसायला लागल्या. “कोण गं ते तुझे?” एकीने विचारलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले आणि ऐकू न आल्यासारखं केलं. मागाहून कळलं, नाना संध्याकाळी पायी घरी पोचले ते खुशीत. “त्या गाडीवालाना उपकार,” ते म्हणाले, “पाळधी कधी नीट दखायेलच नव्हती.”

या सगळ्याचा कळस होत असे आखाजीला. आमच्या खानदेशात अक्षय्य तृतीयेला घरोघर पितरांसाठी पाण्याची घागर भरतात, तिच्यावर खरबूज ठेवतात, आणि उंबरठ्यावर पाणी शिंपडून घरातल्या गेलेल्या एकेका माणसाचं नाव घेत कुंकवाचं बोट उमटवतात. कुणाच्या घरी सात बोटं, कुणाच्या घरी अकरा. नानांच्या उंबरठ्यावर लाकूड दिसत नसे. वर्षभरात जो जो उपयोगी पडला त्याचं बोट तिथे उमटलंच पाहिजे, मग तो मेलेला असो की जिवंत. गळू कापणारा कंपाउंडर, पावसात छत्री देणारा बोहरी दुकानदार, नाल्यातून गाडी ओढून काढणारे कुणाचे तरी बैल. मामी, म्हणजे नानांची बायको, चुलीपुढून ओरडायच्या, “पुरण आंबी जाई आते! गावना बठ्ठा लोके मारी टाकात का?” नाना आणखी मोठ्याने उत्तर द्यायचे, “मरेल मानूसले काय ऐकू येस? जित्ता शे तवलगुन सांगो ना!” एका आखाजीला पोस्टमास्तर स्वतः पत्र घेऊन दारात आले. नेमकं त्याच क्षणी नानांनी त्यांचं नाव खणखणीत घेतलं आणि पितरांच्या रांगेत बोट उमटवलं. पोस्टमास्तरांच्या हातातलं पत्र खाली पडलं. ते घरी गेले, अंथरुणाला खिळले आणि तिसऱ्या दिवशी ग्रहांची शांत करूनच उठले. नाना त्यांच्या समाचाराला गेले आणि, आजारी पडून आपल्याला बसायला वेळ दिला, याबद्दलही आभार मानून आले.

या बोटांत एक बोट दरवर्षी ठरलेलं असे: भुसावळनी बाई. मी दहा वर्षांची असताना बोर्डिंगात मला विषमज्वर झाला होता. पुराने गाड्या बंद पडल्या म्हणून आई येऊ शकली नाही. एकवीस दिवस आमच्या इंग्रज बाई माझ्या उशाशी बसल्या, कपाळावर पट्ट्या बदलत राहिल्या. मी बरी झाले, आणि त्यांना काय म्हणाले असेन तर ‘थँक यू’. तेच, मिठाच्या भांड्याचं. नाना मात्र ती गोष्ट ऐकून रडले होते. तेव्हापासून त्यांचं एकच चाललेलं असे, “एकदाव त्या बाईले मना तोंडे सांगनं शे.”

आणि पाच वर्षांनी बाई खरोखरच आल्या. त्या कायमच्या विलायतेला परत चालल्या होत्या. मुंबईला जाण्याआधी एकदा आमचा सण बघावा असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांनी मलाच विचारलं. मला नाही म्हणता आलं नाही. आखाजीच्या सकाळी त्या नानांच्या ओट्यावर, पाटावर गुडघे एका बाजूला वळवून, टोपी मांडीवर घेऊन बसल्या. शेजारच्या बायका पदर तोंडाला लावून कुडाच्या वरून बघत होत्या. खरबुजावर माशा बसल्या होत्या. मला सगळं दिसत होतं: नानांच्या धोतराचं ठिगळ, कोपरापर्यंत ओघळलेलं कुंकू, नाकातून येणारं पाणी. त्यांनी बाईंच्या नावाचं बोट उमटवलं, पागोटं काढून बाईंच्या बुटांपाशी ठेवलं आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायला लागले.

“बाई, आमनी पोर तुमना हातमा जगनी. तिनी माय दूर व्हती, तवय तुम्ही माय व्हयनात. पाच वरीस झायात, हाई बोलाले मी थांबेल शे.”

एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता तू सांग, अशा नजरेने. बाईंना आमची बोली मुळीच कळत नसे; त्याही घाबरून माझ्याकडेच बघत होत्या. “हे काय म्हणताहेत?” त्यांनी इंग्रजीत विचारलं.

मला ते वाक्य इंग्रजीत येत नव्हतं असं नाही. निबंधात मला नेहमी पहिला नंबर असायचा. पण ते शब्द तोंडातून काढले असते तर तो रडणारा, नाक ओढणारा म्हातारा माझा झाला असता, आणि ज्या पोरीबद्दल तो बोलत होता ती मी झाले असते. मी म्हटलं, “ते त्यांच्या मेलेल्या नातेवाइकांची नावं घेताहेत. तशी रीत आहे.”

बाईंनी उंबरठ्याकडे पाहिलं. ती शेकडो लाल बोटं पाहून त्यांचा चेहरा पांढरा पडला. “इतके?” त्या पुटपुटल्या. मग खाली वाकून त्यांनी पागोटं उचललं, नानांच्या हातात दिलं आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “त्यांना सांग, मला फार वाईट वाटतं.”

“काय म्हनी बाई?” नाना म्हणाले.

“बरं वाटलं म्हणाल्या,” मी म्हटलं.

त्या दिवशी नाना जेवताना इतके आनंदात होते की आमरसाची वाटी दोनदा उलटली. बाई दुपारच्या गाडीने गेल्या, जाताना मला म्हणाल्या, “बिचाऱ्या म्हाताऱ्याला जप.” पुढे वर्षभर नाना भेटेल त्याला ती हकिकत सांगत होते. बाईने खांद्यावर हात कसा ठेवला, डोळ्यांत पाणी कसं आलं. ते ऐकून मी दर वेळी घरात निघून जाई. पुढच्या आखाजीला मी लांब खांबापाशी उभी होते. कंपाउंडर झाला, बोहरी झाला, बाई झाल्या, आणि नानांनी मला हाक मारून जवळ बोलावलं. माझं नाव घेतलं, बोट उमटवलं, आणि आळीला सांगितलं, “मना बोल इनी बाईले पोचाडा.”

खरं सांगायला तो एक क्षण मिळाला होता. मी उभी राहिले, मान खाली घालून. शेजारच्या बायकांना वाटलं, पोर किती लाजाळू. नानांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्याचं कुंकू माझ्या भांगाला लागलं. ते धुताना लाल पाणी किती वेळ निघत होतं, ते मला अजून आठवतं.

पुढे महायुद्ध आलं. शाळेतून पत्ता मिळवून मी बाईंना एक लांबलचक पत्र लिहिलं, सगळं खरं लिहिलं. उत्तर आलं नाही. पत्र पोचलं नाही, की बाईच उरल्या नाहीत, कोण जाणे. आणि गेल्या पौषात नाना गेले. शेवटच्या दिवसांत ते अंथरुणाचे, उशीचे, कण्हणाऱ्या खाटेचे आभार मानत होते. मी जवळच बसलेली होते. तेव्हाही बोलले नाही.

यंदा आखाजीला मी धरणगावला गेले. मामींनी आता कुंकवाला हात लावायचा नाही, म्हणून त्या मला म्हणाल्या, “तूच नाव ले वं, माय.” मी उंबरठा धुतला. नानांचं बोट उमटवलं. इतक्या वर्षांत त्या उंबरठ्यावर रीतीला धरून, म्हणजे घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने, उमटलेलं ते बहुधा पहिलंच नवं बोट असेल. त्याच्या अगदी शेजारी मी दुसरं उमटवलं, बाईंचं. त्या आहेत की नाहीत हे मला ठाऊक नव्हतं, पण या घरात तो प्रश्न कधी कुणी विचारलाच नव्हता. मग मी खाली वाकून नानांचं ते वाक्य इंग्रजीत म्हटलं. आमची पोर तुमच्या हातांत जगली, इथपासून शेवटपर्यंत, एकही शब्द न गाळता.

चुलीपुढून मामींनी विचारलं, “काय पुटपुटी राहिनी वं तू?”

“काही नाही मामी,” मी म्हटलं, “नावं घेतेय.”

“मंग मोठ्यानी ले,” मामी म्हणाल्या. “त्यासले कमी ऐकू ये.”

कुडावरून शेजारच्या बायका बघत होत्या. मी ते वाक्य पहिल्यापासून पुन्हा म्हटलं, अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं.