साडूंच्या घरची तारादेवी

काळजी करण्यात आमच्या साडूंचा हात धरील असा माणूस अख्ख्या कतारात नसेल. अल खोरला आमच्याकडे जेवायला यायचं, तर टायरच्या हवेपासून वाळूच्या वादळापर्यंत सगळ्याची फोनवर चौकशी करतात आणि पानावर बसल्याबसल्या परतीच्या धुक्याची काळजी सुरू करतात.

अशा माणसाकडे त्यांच्या ऑफिसातल्या तिबेटी मित्राने आपली पिढीजात तारादेवी ठेवायला दिली. त्याची आई आजारी होती, धर्मशाळेला घाईने निघाला होता. "महिन्याभरात येतो, इन्शाल्ला," म्हणाला. वीतभर पितळी मूर्ती. डोळ्यांत चांदी ठोकून बसवलेली, ओठांत तांबं, वस्त्राच्या काठाला सोन्याची बारीक तार. हे सगळं त्याच्या सांगण्यावरून; वर नुसता काळपट थर. साडूंची झोप उडाली. एसी लावला तर गारठ्याने चांदी सुटेल, बंद केला तर दमट हवेने तांबं हिरवं पडेल. साडूंचं मदिनत खलीफातलं घर आलटूनपालटून कुडकुडत आणि घामाघूम होत राहिलं. मेहुणी म्हणाली, "माझ्या बाळंतपणात इतके जागले नव्हते."

आणि दिवाळीत तिनेच देवघरातल्या पितळी देवांबरोबर तारादेवीलाही चिंच लावून लख्ख घासलं.

साडूंचा फोन आला तेव्हा त्यांना धड बोलता येईना. मी गाडी काढून गेलो. मूर्ती झगझगत होती. मेहुणी रडत होती आणि साडू, स्वतःचा धीर सुटलेला असताना, तिला धीर देत होते. मित्र नोकरी सोडून सामान न्यायला त्याच आठवड्यात येणार होता. तोवर साडूंना घास गोड लागला नाही.

तो आला तेव्हा मीही तिथे होतो. साडूंनी दारातच सगळं सांगून टाकलं. बायकोचं नाव न घेता, "माझ्या हातून झालं" म्हणाले. त्याने मूर्तीवरून बोट फिरवलं. मग हिंदीत हळूच म्हणाला, "आजीच्या दिव्यांचा धूर होता तो." आम्ही माना खाली घातल्या. मग मूर्ती उजेडाकडे धरून म्हणाला, "पण हिचे डोळे मी आज पहिल्यांदा पाहतोय. आईला दाखवतो."

जाताना त्याने मेहुणीला वाकून नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी साडूंचा फोन. धर्मशाळेला थंडी किती पडते, विचारत होते. मूर्तीसाठी की मित्राच्या म्हाताऱ्या आईसाठी, ते मी विचारलं नाही.