अल्पशा आजाराने

महाळुंगे पडवळच्या कुंडलिकभाऊंना आयुष्यात एकच काम मनापासून जमलं, मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलणं. पंचक्रोशीत कुठेही दशक्रिया असली की घाटावरचा माईक त्यांच्याकडे यायचाच. पांढरा सदरा, कडक टोपी, घसा खाकरून सुरुवात, आणि मग ते ठरलेलं वाक्य, "अल्पशा आजाराने आपल्यातून निघून गेले." ज्याला गावानं वर्षानुवर्षं गटारातून उचलून घरी पोचवलं, तोही भाऊंच्या तोंडून अल्पशा आजारानेच जायचा.

भाऊ स्वतः पीत. पण त्यांच्या मते बाकीचे बेवडे होते, ते स्वतः फक्त 'घेत'. घरी कुणी विचारलं तर उत्तर तयार, दशक्रियेला चाललो. तालुक्यात रोज कुणी ना कुणी मरतंच, त्यामुळे बायकोला, बयाबाईला, खरंखोटं करायची सोय नव्हती. असेच एकदा सकाळी दशक्रियेला गेलेले भाऊ संध्याकाळी टेम्पोत आडवे होऊन आले आणि नातीच्या वाढदिवसाच्या केकवर तोंडघशी पडले. दुसऱ्या दिवशी बयाबाईनं पिशवी भरली आणि मंचरला लेकीकडे निघाली. जाताना म्हणाली, "दारू सोडनाऱ्यांची मिटिंग असती. तितं बसा आन् तितनंच मला फोन करा. तवर मी यायची न्हाई."

चार दिवस भाऊंनी ऐट केली. पाचव्या दिवशी रिकाम्या घरात स्वतःच्या हातचा चहा पिताना त्यांना रडू आलं. मिटिंग मंचरलाही भरते असं लेकीनं फोनवर सांगितलं होतं, पण तिथं ओळखीचे भेटले तर काय घ्या. म्हणून रविवारी सकाळी ते ओतूरला गेले. कपडे तेच, पांढरे. गावाला सांगितलं, दशक्रिया आहे.

स्टँडवर उतरल्यावर पंचाईत झाली. पत्ता विचारायचा कसा? त्यांनी चहाच्या टपरीवाल्याला मोघमच विचारलं, "कार्यक्रम कुठंय?" टपरीवाल्यानं टोपीकडे पाहिलं. "घाटावर. उरकत आला आसंल, पळा."

भाऊ चालायला लागलेही. घाट म्हणजे घरचं मैदान. लांबून माईकचा आवाज आला, कुणीतरी भिकार बोलत होतं, आणि भाऊंचे पाय आपसूक तिकडे ओढले गेले. मग तो रिकाम्या घरातला चहा आठवला. ते मागे फिरले, टपरीपाशी आले आणि दात आवळून म्हणाले, "दारू सोडायची मिटिंग कुठं भरती?" आता सगळी टपरी आपल्याकडे बघणार अशी त्यांची खात्री होती. कुणी मान वर केली नाही. "मागच्या शाळेत. कोपऱ्यातली खोली," टपरीवाला म्हणाला.

खोलीत सातआठ माणसं बाकांवर अवघडून बसली होती. भाऊंनी सगळ्यांना एका नजरेत निकालात काढलं. एक रिक्षावाला बोलत होता, त्याच्या बोलण्याला ना सुरुवात होती ना शेवट. एक मास्तर मध्येच रडला. यांना दोन शब्द नीट बोलता येत नाहीत, दारू काय सोडणार, असं मनात म्हणत भाऊ पाय पसरून बसले. तेवढ्यात दारातून सुनील आत आला आणि भाऊंचे पाय आखडले. सुनील त्यांच्याच आळीतला. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून तोही इतक्या लांब येत होता.

पळायला दार एकच, आणि त्यात सुनील. शिवाय पाळी भाऊंची आली होती. ते उठले, घसा खाकरला आणि सवयीनं सुरू झाले, "आज आपण सगळे जड अंतःकरणाने इथं जमलो आहोत..."

रिक्षावाला फिसकन हसला. सुनील हसला नाही.

"भाऊ, आमच्या सयाजीच्या दशक्रियेला तुमीच बोलला व्हता," तो म्हणाला. "माजा थोरला भाऊ अल्पशा आजारानं गेला म्हनला."

"बोलावं लागतं, सुनील. रीत आसती."

"पोटात पानी झालं व्हतं त्याच्या. दोन वर्सं कन्हत व्हता. त्याच्या संगं प्यायला तुमीच व्हता की रोज. आजार कुटला व्हता तेवडा सांगा, भाऊ."

भाऊंनी टोपी काढली, परत घातली.

"दारूनं गेला," ते म्हणाले. मग म्हणाले, "मलाबी तोच आजार हाय." आणि मटकन खाली बसले. एवढं वाईट भाषण त्यांनी जन्मात केलं नव्हतं. टाळी पडली नाही. मास्तरानं चहाचा कप पुढं सरकवला.

मिटिंग सुटायच्या आधी त्यांनी तिथूनच मंचरला फोन लावला. कुठं गेलो, काय बोललो, सुनील कसा भेटला, सगळं सांगितलं. सुनीललाही फोनवर बोलायला लावलं. आता बयाबाई रडेल, मग पिशवी भरेल, असा त्यांचा हिशोब होता.

बयाबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"बोलायला तुमी पयल्यापासनंच हुशार," ती म्हणाली. "फुडच्या रविवारी परत तितनंच फोन करा." आणि तिनं फोन ठेवला.