बाबांना वावर दाखवायला नेलं ती सकाळ

दिवाळीनंतर आठच दिवसांत बाबांना लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं. उरला एकच शब्द, 'हो'. भूक लागली तरी हो, जेवण नको असलं तरी हो, आणि राग आला की हो-हो-हो. डॉक्टर म्हणाले, त्यांना सगळं समजतं, फक्त शब्द सापडत नाहीत. हे ऐकून धीर यायला हवा होता. मला मात्र तेच जास्त भयंकर वाटलं.

मी चंद्रपूरला नोकरी करते. पुसाच्या महिन्यात, पौषाच्या थंडीत, चार दिवसांची सुट्टी काढली, एसटीनं ब्रह्मपुरी गाठली आणि तिथून जीपनं गावी पोचले. बाबा अंगणात उन्हाला खाटेवर बसले होते, डोक्याला कानटोपी. दाढी दादानं केलेली, हनुवटीखाली थोडी राहून गेलेली. मला पाहून ते "हो" म्हणाले आणि डाव्या हातानं माझं मनगट धरून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दादाला म्हटलं, "बाबाले वावरात नेऊन आणू. दोन महिने झाले, वावर पाह्यलं नाई त्याईनं."

"बैलबंडीत धक्के बसतीन ना."

"थंडी पाह्य किती हाये," आई आतून म्हणाली. पण दोन गोधड्या तिनंच आणून दिल्या.

दादानं बंडीत धानाच्या पेंढ्याची गुडघाभर तणीस टाकली, वर गादी अंथरली. दोघांनी मिळून बाबांना उचललं. ते इतके हलके झाले असतील असं वाटलं नव्हतं.

धानाची कापणी होऊन गेली होती. बांध्यांमध्ये, म्हणजे खाचरांत, नुसते खुंट, त्यांच्यामधून लाखोळीचं कडधान्य वर आलेलं. धुऱ्यावर, मातीच्या बांधावर, पोपटीच्या शेंगा लोंबत होत्या. आमचं वावर म्हणजे माझ्या लेखी लहानपणापासून नुसतं काम. थंडीत पहाटे पाय बधिर करून लाखोळीचे शेंडे भाजीसाठी खुडायचे, एवढंच आठवायचं. त्या दिवशी शेवटच्या बांधीशी बंडी थांबली आणि मी खाली उतरायचं विसरले. तिथं जवस फुलला होता. सगळी बांधी निळी, आणि तिच्यावरून धुकं हळूहळू उठत होतं. पस्तीस वर्षांत मी हे कितीदा पाहिलं असेल, पण खरं पाहिलं ते त्या सकाळी. आणि शेजारी बाबा रडत होते.

आधी मला वाटलं, त्यांनाही ते पाहून भरून आलं असेल. मग त्यांनी डावा हात उचलून बांधीकडे बोट केलं. "हो. हो."

"छान हाये ना, बाबा?"

त्यांनी जोरात मान हलवली. तसं नव्हतं.

"खाली उतरायचं हाये का?" दादानं विचारलं. "पाणी द्याचं का जवसाले? दाट पेरलो का मी? धुरा फुटला का कुठी?"

"हो! हो! हो!" बाबा बंडीच्या दांडीवर हात आपटू लागले. मी हात धरायला गेले तर त्यांनी तो हिसकून घेतला. दादा धुऱ्यावरून पुढे पळत गेला, एकेका जागी थांबून विचारू लागला, "इथी? इथी का?" आणि बाबा नुसते बोट दाखवत राहिले, एकाच दिशेला. तिकडे जवस होता, त्यामागे मोहाचं झाड, त्याच्यामागे जंगल. आम्हाला नेमकं काय दिसायला हवं होतं?

मी चार-सहा काड्या फुलांसकट उपटून त्यांच्या हातात दिल्या. दुसरं काही सुचलं नाही. तोवर ऊन चढलं होतं, वारा सुटला होता. पाकळ्या त्यांच्या गोधडीवर गळून पडल्या. बाबांनी त्या काड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. राग निवला होता. लहान पोराला काही समजावता समजावता माणूस थकतो ना, तसे थकून ते माझ्याकडे पाहत होते.

परत येताना दादाचे डोळे लाल झाले होते, तो बैलांवर उगाच ओरडत होता.

घरी आईनं विचारलं, "काय म्हणून राह्यले होते?"

"समजलं नाई, आई."

"मले कुठी समजते," ती बाबांच्या पायांना तेल लावता लावता म्हणाली. "बसून राहतो मी जवळ. अजून काय करतो?"

सुट्टी संपली, मी चंद्रपूरला परतले. बाबा चैत्रात गेले.

त्याला आता तीन वर्षं झाली. पहिल्या वर्षी दादानं त्या बांधीत जवस विरळ पेरला. पुढच्या वर्षी जंगलाकडचा धुरा हातभर उंच केला. यंदा फोन करून विचारत होता, "मोहाच्या झाडाबद्दल तं म्हणत नसन ना बाबा?"

मी म्हटलं, "असन."