आईला वाटलं पित्त

दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आई सकाळी मुलींना पेटी शिकवायची. बाबा शेजारच्या खोलीत दाढी करता करता चुकलेल्या सुरावर खोकायचे. ते आवाज अजून कानात आहेत.

अशाच एका सकाळी बाबा छाती धरून खाली बसले. आईनं हाक मारताच अख्खी गल्ली धावली. समोरच्या गुजराती काकांनी रिक्षा आणली, ‘चालो, जल्दी’ म्हणत बाबांना उचललं. तासाभरात ते आयसीयूत होते आणि आठवड्यात घरी. मग घरचं तेल कमी झालं, लोणचं वरच्या फळीवर गेलं. बाबांच्या गोळ्यांची वेळ आईनं कधी चुकवली नाही.

चार वर्षांनी, गणपतीच्या दिवसांत, आईचा जबडा आणि पाठ दुखू लागली. मळमळत होतं, घाम येत होता. डॉक्टर म्हणाले, “पित्त आहे. दगदग कमी करा.” आईनं गोळी घेतली आणि एकवीस मोदक वळले.

विसर्जनानंतर मी मांजलपूरच्या माझ्या घरून आईकडे गेले, तेव्हा ती कणीक अर्धवट टाकून ओट्याला टेकली होती.

“काय होतंय?”

“काही नाही गं. दम लागलाय.”

मी ऐकलं नाही, तिला दवाखान्यात नेलं. ईसीजी पाहून तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “दोन-तीन दिवसांपूर्वीच अटॅक येऊन गेलाय. बायकांची छाती दुखतेच असं नाही. त्यामुळे त्यांनाही कळत नाही आणि आम्हालाही कधीकधी उशिरा कळतं.”

आई ओशाळून म्हणाली, “मला वाटलं, अटॅक म्हणजे ह्यांना आला तसा.”

तिचं हृदय अशक्तच राहिलं. पुढं ती दोनच वर्षं जगली. त्या दोन वर्षांत बाबा चहा करायला शिकले. दुपारी आई पलंगावरून सूर सांगायची आणि ते एका बोटानं पेटी वाजवायचे. ती हसायची. मी दारात उभी राहून ऐकायची.

बाबा आज ऐंशीचे आहेत, रोज फिरायला जातात.

मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीतल्या एक गुजराती बेन म्हणाल्या, जबडा दुखतोय. मी त्यांना स्कूटरवर बसवून थेट ईसीजीला नेलं. दाढ किडली होती. त्या रस्ताभर हसत होत्या. मला मात्र जराही लाज वाटली नाही.