तारमामा आणि राहून गेलेली लाइन

तारमामा डोळे मिटून तार तपासायचे. दिवसभराचं मोजमाप संपलं की एखाद्या दगडावर बसत आणि सगळी तार अंगठा नि तर्जनीमधून सरकवत रिळावर गुंडाळत. मध्येच हात थांबायचा. “हंयसर सोलली,” म्हणायचे, आणि खरंच तिथे नखाएवढी जागा उघडी पडलेली असायची. मला ती चष्मा लावूनही चटकन दिसत नसे.

ही बोटं गिरणीत सुतावर तयार झालेली. संपानंतर गिरणी उघडलीच नाही, आणि मालवणकडचे हे गृहस्थ बोरीवलीहून मरोळला आमच्या छोट्या कंपनीत यायला लागले. आम्ही जमिनीत वीज सोडून खनिज शोधायचो. लोखंडी सळया ठोकायच्या, त्यांच्या बुडाशी मिठाचं पाणी ओतायचं, प्रवाह सोडायचा आणि मीटर वाचायचा. खडक वीज अडवतो, तांब्याचं खनिज तिला वाट देतं. तत्त्व एवढंच, बाकी सगळी पायपीट. मी पदवी घेऊन आलेला साहेब, मामा तार सांभाळणारे. वयाने माझ्या वडिलांएवढे, तरी मला ‘सायबानू’ म्हणायचे.

मीटरवर चांगला आकडा आला की आम्ही खूश व्हायचो आणि मामांचा चेहरा पडायचा. “वायट आकडो खोटा बोलणा नाय, सायबानू. चांगल्याक दोनदा इचारूचा.” मग सगळ्या सळया, सगळे जोड तपासून तोच आकडा पुन्हा घ्यायचा. त्यात तासभर मोडायचा. मी मनातल्या मनात चरफडायचो, आणि ते त्यांना कळायचं.

विदर्भातल्या एका जंगलात दोन महिने काढल्यावर शेवटच्या आठवड्यात एका लाइनवर, म्हणजे सळयांच्या एका रांगेवर, आकडे झकास आले. कंपनीकडे दुसरं काम नव्हतं. हे ठिकाण लागलं तर सगळ्यांच्या नोकऱ्या टिकणार होत्या. मी तालुक्याला जाऊन मरोळला ट्रंककॉल लावला. परत आलो तर मामा तार हातात धरून उभे. नाल्याच्या ओल्या मातीत पडलेला तारेचा भाग सोलवटला होता. वीज खाली खनिजात गेलीच नसेल, तिथेच पाझरली असेल, असा त्याचा अर्थ.

“ही लाइन परत घेवक व्हयी.”

माझ्या अंगात ताप होता, पाय सुजले होते, आणि वर कळवून बसलो होतो. “राहू दे, मामा,” मी म्हटलं.  ते सोललेली जागा चिकटपट्टीने गुंडाळून झोपायला गेले.

त्या जागी बोअर घेतलं. खाली नुसता खडक लागला.

मरोळच्या केबिनमध्ये मालकांनी आम्हा दोघांना उभं करून विचारलं, “चूक कोणाची?” मी शब्द जुळवत होतो. तेवढ्यात मामा म्हणाले, “तार माझ्याकडे होती.” त्यांना त्याच दिवशी काढलं. मी टेबलावरच्या काचेकडे बघत राहिलो. कंपनी कशीबशी तरली, माझी नोकरी राहिली. लाज वाटली, आणि सुटल्यासारखंही वाटलं. आता या वयात ते लपवण्याचा मला कंटाळा आला आहे.

वर्षभराने बोरीवलीला त्यांच्या घरी गेलो. मालकांना सगळं खरं सांगतो, असं त्यांना म्हणायचं ठरवलं होतं. वाक्यही पाठ केलं होतं. मामा एका सोसायटीत वॉचमन झाले होते. फार थकलेले दिसले, तरी मला पाहून उठून उभे राहिले. आतून मामी आल्या.

“हेच ते सायब गो,” मामा म्हणाले. “माझ्यासाठी मालकाशी भांडलेले.”

मामींच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मामांकडे पाहिलं. ते खुर्चीवरचे कपडे उचलून मला बसायला जागा करत होते. माझं वाक्य बोललो असतो, तर ते स्वतःच्या घरात खोटे पडले असते.

मामींनी चहा आणला. “नोकरी गेली ती गेली,” त्या म्हणाल्या, “पण आमच्या बाजूने कोणीतरी बोललं, ह्यावर हे वर्षभर जगले.”

मी चहा संपवला.