हाताला जाणवणारा बदल

खेळाच्या नियमांवर पेटंट मिळत नाही. सापाच्या तोंडी गेलं की शेपटीशी उतरायचं, हा नियम कुणाच्या बापाचा नाही, आणि कॅनडाच्या कायद्यात तो कुणाच्या नावावर करताही येत नाही. तोच नियम कॉम्प्युटरवर चढवला तरी नियमच राहतो. पेटंट हवं असेल तर त्यापलीकडे काहीतरी घडायला हवं; हाताला लागेल, मोजता येईल असा बदल व्हायला हवा. खेळणाऱ्याच्या डोक्यात झालेला बदल धरत नाहीत.

मी कॅल्गरीत पेटंट एजंट आहे. लोक शोध लावतात, मी तो कायद्याला पचेल अशा शब्दांत मांडते, सरकारी परीक्षक त्यावर आक्षेप घेतो आणि मी त्याला उत्तर देते. थोडक्यात, मला भांडण्याचा पगार मिळतो. माहेरी हेच काम मी वर्षानुवर्षं फुकट केलं, आणि तेव्हा समोर बहुतेक वेळा दादा असायचा.

दादा माझा मोठा भाऊ. तो इथे आधी आला आणि मागून त्याने मला आणलं. माझा पहिला हिवाळा त्याच्या बेसमेंटमध्ये गेला. बर्फावर पाय कसा टाकायचा, विंटर टायर कधी चढवायचे, मुलाखतीत किती हसायचं, सगळं त्याने शिकवलं. तेलाच्या कंपनीत तो कंट्रोल सिस्टिमचा इंजिनियर होता. कुठेतरी लांब पाइपलाइनमधला दाब वाढला की कुठली झडप कधी मिटायची, हे ठरवणं त्याचं काम. अगदी नाकासमोर चालणारा माणूस. दिवाळीला मराठी मंडळात रमीचा डाव पडला की हा स्वयंपाकघरात जाऊन चहा गाळत बसायचा.

म्हणूनच मंडळाने त्याला कसिनोत पाठवलं.

बाहेरच्यांना हे विचित्र वाटतं. आमच्या अल्बर्टात कसिनोच्या उत्पन्नातला काही वाटा सेवाभावी संस्थांना मिळतो. अट एकच, संस्थेच्या लोकांनी तिथे जाऊन दोन दिवस बिनपगारी राबायचं. चर्चवाले राबतात, पोरांच्या हॉकीवाले राबतात, तसं आमचं मराठी मंडळही राबतं. त्यातून रविवारच्या मराठी शाळेच्या हॉलचं भाडं निघतं. जुगाराच्या जिवावर पोरं बाराखडी गिरवतात असं मी एकदा सभेत म्हणाले, तर अध्यक्षीणबाई पुढच्या गणपतीपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. अशा ठिकाणी मॅनेजर म्हणून कुणाला उभं करायचं, तर ज्याला पत्त्यांचा वाससुद्धा सहन होत नाही त्याला. हे आमचं शहाणपण. दर खेपेला सगळ्यांनी एका सुरात दादाचं नाव घेतलं आणि दर खेपेला तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला.

मग तेलाचे भाव पडले आणि कंपनीने मजलेच्या मजले रिकामे केले. त्यात दादाची नोकरी गेली. थोड्याच महिन्यांत त्याने सांगितलं की कन्सल्टिंग सुरू केलंय, डाउनटाउनमध्ये बसायला एक टेबल घेतलंय. वहिनी पुन्हा सकाळी डबा भरायला लागली. आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. खरं सांगायचं तर कुणी फार खोलात शिरलंच नाही. दादाची काळजी करायची सवय आमच्यात कुणालाच नव्हती.

गेल्या हिवाळ्यात आमच्या ऑफिसमधल्या वरिष्ठांनी माझ्या टेबलावर एक फाइल ठेवली. अशील म्हणजे व्हँकुव्हरची दोन तरुण पोरं. अतिशय सभ्य, प्रत्येक ईमेलच्या शेवटी आभार. त्यांचा शोध म्हणजे स्लॉट मशीनचं, चित्रांची चक्रं फिरवणाऱ्या जुगारी यंत्राचं, बटण. खेळणारा ते किती जोरात दाबतो, दोन दाबांमध्ये किती थांबतो, हे बटण मोजतं. बोट सैल पडायला लागलं, म्हणजे माणूस कंटाळला किंवा थकला, की बटण स्वतःच थोडं घट्ट होतं, बारीक थरथरतं, आणि पडद्यावरच्या चक्रांचा वेग बदलतो. मशीन बाजारात गेलंही होतं. पेटंट मात्र अडकलं होतं. परीक्षकाचं म्हणणं असं, की हा सगळा खटाटोप खेळणाऱ्याचं मन रमवण्याचा आहे. मन रमणं हा यांत्रिक परिणाम नव्हे. उरला तो खेळाचा नियम आणि एक साधा कॉम्प्युटर. तेव्हा पेटंट नाही.

मला परीक्षकाचं पटलं होतं. पण मला पगार पटण्याचा मिळत नाही. वरिष्ठ म्हणाले की यात शरीराला जाणवणारं काय आहे ते शोध, बाकी सगळं आपोआप होईल.

त्याच सुमारास मंडळाची कसिनोची पाळी आली. या वेळी दादाने मॅनेजर व्हायला नकार दिला, काम फार आहे म्हणाला. माणसं कमी पडत होती म्हणून मी गेले. मला चिप रनरचं काम मिळालं. म्हणजे रोखपालाच्या पिंजऱ्यातून खेळाच्या टेबलांपर्यंत चिप्सचे, पैशांऐवजी लावायच्या चकत्यांचे, ट्रे पोचवायचे, सोबत एक सिक्युरिटीवाला. वाट स्लॉट मशीनच्या रांगांमधून जाते. मी ते बटण लगेच ओळखलं. त्याची प्रत्येक आकृती मला पाठ होती. त्याचा कडेचा उतार, मधला खोलगट भाग, खालची स्प्रिंग, आणि आता त्यावर ठेवलेलं बोट. ते बोट दादाचं होतं.

दुपारचे दोन वाजले असतील. त्या वेळी तो डाउनटाउनमधल्या त्याच्या टेबलाशी बसलेला असायला हवा होता.

“तू आज ड्युटीवर?” तो म्हणाला.

“हो. आणि तू?”

“अगं, मीटिंग कॅन्सल झाली. म्हटलं जरा टाइमपास करू.”

हे बोलताना त्याने माझ्याकडे पाहिलं, पण बोट काही उचललं नाही. हातात ट्रे, शेजारी सिक्युरिटीवाला. मला तिथे थांबायचीही परवानगी नव्हती. मी पुढे गेले. त्यानंतर मी त्या वाटेने किती वेळा गेले कोण जाणे, दर वेळी तो तिथेच होता. दर वेळी मी मान खाली घालून गेले, जणू चोरी माझीच.

काम संपल्यावर मी पार्किंगमध्ये त्याच्या गाडीशेजारी गाडी लावून बसले. अजून उजेड होता. तो आला, मला पाहून थबकला, मग मुकाट्याने माझ्या गाडीत येऊन बसला. हातात डब्याची पिशवी होती. डबा रिकामा आणि धुतलेला.

“कुठे धुतोस?”

“इथेच. वॉशरूममध्ये.”

माझा संताप संताप झाला. वहिनी सकाळी उठून पोळ्या लाटते, आणि हा गाडीत बसून जेवतो आणि कसिनोच्या नळाखाली डबा विसळतो! मी त्याला नको नको ते बोलले. आयुष्यात पहिल्यांदा त्याने उलट उत्तर दिलं नाही.

“लेऑफनंतर मला कुणाचा फोन येईना,” तो शेवटी म्हणाला. “मंडळाचं काही काम म्हणून एक दिवस इथे आलो, तर दारातला माणूस म्हणाला, गुड मॉर्निंग सर. ओळखतात ना मला. मग बसलो थोडा वेळ.”

त्याने डब्याची पिशवी पायाशी ठेवली.

“आणि ते मशीन फार सुंदर डिझाइन केलंय गं. माझं बोट सैल पडलं ना, की बटण किंचित घट्ट होतं. आता उठावं असं माझ्या मनात येतं, त्याच्या आधी त्याला कळलेलं असतं. एकदम टाइट कंट्रोल लूप आहे, मोजलं की लगेच दुरुस्ती. आमच्या झडपासुद्धा इतक्या शार्प नव्हत्या.”

तो हे कौतुकाने सांगत होता. आणि मला, त्याच्या सख्ख्या बहिणीला, त्या क्षणी पहिला विचार काय सुचला असेल तर हा की परीक्षकाला उत्तर मिळालं. बदल खेळणाऱ्याच्या डोक्यात नाही, बोटात होतो. मनाला कळायच्या आत होतो. मी स्टिअरिंग घट्ट धरून बसले. मला स्वतःची किळस आली.

उतरताना त्याने माझ्याकडून वचन घेतलं की वहिनीला सांगायचं नाही. त्यानेही वचन दिलं की आजपासून बंद. “झालं, संपलं. तू पाहिलंस ना, आता पुरे.” मी विश्वास ठेवला. नाहीतर मला फाइल हातात धरता आली नसती.

ती फाइल मी सोडायला निघाले होते. वरिष्ठांना सांगितलं असतं तर त्यांनी ती शेजारच्या टेबलावर सरकवली असती आणि दुसऱ्या कुणीतरी एका दुपारी उत्तर लिहून टाकलं असतं, म्हणून सोडली नाही. अर्ज केव्हाच सार्वजनिक झाला होता, गुपित फुटायचा प्रश्न नव्हता; म्हणून ते बटण माझ्याच फाइलमधलं आहे, ते आतून कसं चालतं, सगळं मी दादाला सांगितलं. वाटलं होतं, ज्याने आपल्याला धरून ठेवलं त्याचं आतलं यंत्र दिसलं की त्याला घृणा येईल. झालं भलतंच. पुढच्या रविवारी मी त्याच्याकडे गेले तर डायनिंग टेबलावर पेन्सिल, पट्टी आणि कोरे कागद मांडून तो बसला होता.

“तुझा मुद्दा वीक आहे,” तो म्हणाला. “तू बटण आणि कॉम्प्युटर वेगवेगळे मांडतेस. ते एकच आहे. एक दुसऱ्याशिवाय चालणारच नाही. हे बघ.” आणि त्याने आकृती काढायला घेतली, वेळेची रेघ, दाबाची रेघ, त्यांचे चढउतार.

त्याचं बरोबर होतं. कायद्याला नेमकं हेच हवं असतं, कॉम्प्युटर आणि वस्तू मिळून एक काम. माझ्या आयुष्यात कुठल्या इंजिनियरने मला इतकं स्वच्छ समजावून दिलं नव्हतं. पुढचे काही रविवार आम्ही तसेच बसलो. तो माझी वाक्यं खोडायचा, मी त्याच्यावर ओरडायचे, तो हसायचा. दाढी नीट करायला लागला. वहिनी चहा आणून ठेवायची आणि जाताना माझा खांदा हलकेच दाबायची. एकदा स्वयंपाकघरात म्हणाली, “तू त्याला काम दिलंस, फार बरं झालं. किती दिवसांनी तो असा बोलतोय.” मी वाटाणे सोलत राहिले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत. त्याला बरं करणारी गोष्ट ही असावी याचा मला राग येत होता, आणि तो बरा होतोय याचा आनंदही लपत नव्हता. त्या दिवसांत मला झोप लागायची नाही. पण मी स्वतःला बजावायचे, तो हसतोय ना, मग झालं.

उत्तर पाठवायची मुदत जवळ आली. शेवटच्या रविवारी वहिनीही आमच्याबरोबर टेबलाशी बसली, मेथी निवडत. मसुदा जवळजवळ तयार होता, फक्त एक जागा अडली होती. बटण घट्ट होतं ते चक्रं फिरत असताना, की थांबल्यावर? फिरत असताना होत असेल तर आमचा मुद्दा पक्का, थांबल्यावर होत असेल तर परीक्षक पुन्हा म्हणणार, हा नुसता खेळाचा नियम. अर्जातल्या वर्णनात ते मोघम होतं.

“मला वाटतं फिरतानाच,” दादा डोळे मिटून म्हणाला. उजव्या हाताचं बोट टेबलावर हलकेच दाबून पाहत होता. “पण शुअर नाही.”

“राहू दे,” मी म्हणाले. “उद्या क्लायंटला फोन करून विचारते.”

“त्यांना कशाला विचारतेस? ते थिअरी सांगतील. मी उद्या बघून सांगतो.”

तो पेन्सिलीला टोक करत होता. आपण काय बोललो ते त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. वचन देऊनही रोज दाढी करून तो कुठे जात होता ते मला कळलं, आणि त्याला तिथे जायला एक चांगलं कारण मीच हातात दिलं होतं, हेही कळलं.

वहिनीने मेथीची काडी खाली ठेवली.

“उद्या कुठे जाऊन बघणार आहेस?” तिने विचारलं.

दादाची पेन्सिल थांबली. त्याने वहिनीकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. लहानपणी आई काही विचारायची तेव्हा मी त्याच्याकडे असंच पाहायचे आणि तो पुढे होऊन काहीतरी सांगून टाकायचा. मलाही त्याच्यासाठी तसंच काहीतरी सांगता आलं असतं. दुसऱ्याच्या वतीने उत्तरं देण्यावरच माझं पोट चालतं. मी लॅपटॉप मिटला आणि गप्प बसले.

वहिनी त्याच्या उत्तराची वाट पाहत होती.