जादूचा आरसा आणि माझी चहाडी

नववीत असताना आमच्या पूर्णेच्या शाळेत हस्तलिखित निघणार होतं. मराठीच्या बाईंनी जादूच्या वस्तूवर गोष्ट लिहून आणायला सांगितली. माझी गोष्ट राजपुत्राची होती. त्याच्याकडे जादूची दुर्बीण. तिच्यातून तो शेजारच्या राजाच्या महालात डोकावतो, गुपितं काढून घेतो आणि राज्य जिंकतो. मी जाम खूश होते.

माझ्या बाकावरच्या मैत्रिणीने आरशाची गोष्ट लिहिली. तिचे वडील रेल्वेत खलाशी, म्हणजे रुळांवर मदतनीस कामगार, थोरला भाऊ फौजेत. तिच्या आरशात दूरचं माणूस दिसायचं, पण ज्याच्या काळजीने जीव टांगणीला लागलाय तेवढंच. गंमत म्हणून परक्याच्या घरात डोकावलं, तर बघणाऱ्याचीच नजर अधू व्हायची.

बाईंनी ती वर्गात वाचून दाखवली. माझ्या वहीत मात्र लाल शाईने लिहिलं, 'चोरून बघणाऱ्याला बक्षीस कशाला?' माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गणितं मला विचारून सोडवणारी ही, हिला हे सुचलं कसं?

मधल्या सुट्टीत मी बाईंकडे गेले. "बाई, ती गोष्ट तिची नाही. पुस्तकातून उतरवलीय. मी वाचलीय ना!"

बाईंनी तिला बोलावलं. मी दाराआड उभी राहून ऐकत होते.

"कुठून उतरवलीस?"

"न्हाई बाई, माझीच हाय. दादाचं पत्र येईना. आई रोज रडायलीय. म्हणून लिव्हली."

बाईंनी तिची वही मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "बघू."

हस्तलिखितात तिची गोष्ट आली नाही. माझी आली, तीही बाईंनी सुचवलेला शेवट जोडून. त्यात दुर्बीण फुटते. चहाडी कुणी केली, हे बाईंनी तिला सांगितलं नव्हतं.

महिन्याभराने ती पळत आमच्या घरी आली. "दादाचं पत्र आलं! पहिलं तुलाच सांगायला आले."

"बरं झालं," मी म्हणाले. खरंच बरं वाटलं होतं. पण आतून टोचतही होतं, की हिच्याकडे लिहिण्याजोगं काहीतरी खरं होतं, माझ्याकडे नुसता राजपुत्र.

पुढे तिच्या वडिलांची बदली झाली. ती पत्रं पाठवायची. सुरेख लिहायची. दोन पत्रांना मी उत्तर दिलं, तिसऱ्याला दिलं नाही.